फ्लोरिन मावशीचा लाल ठिपका

फ्लोरिन मावशीच्या घरातली कुठलीही वस्तू उलटी करा, बुडाला लाल ठिपका सापडेल. डबे, तवा, कुकर, छत्रीची मूठ, एवढंच काय, एकदा माझ्या गाडीत राहिलेल्या तिच्या स्नो बुटांच्या टाचेलाही होता. ही सवय तिच्या आईची. वसईला, भुईगावात, लग्नकार्याला घरोघरची भांडी गोळा व्हायची आणि परत जाताना कुणाचं पातेलं कुणाच्या घरात शिरू नये म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. कुणी नाव कोरून घ्यायचं. मावशीच्या आईने ऑइल पेंटची डबी आणून लाल ठिपके दिले. मावशी तेच काम नेलपॉलिशने करते. डॉलर स्टोअरमधली विटकरी रंगाची बाटली, वर्षानुवर्षं तीच. नखांना मात्र तिने जन्मात रंग लावलेला नाही.

"माणसं वाईट नसतात गं ग्लेन्डा," ती मला सांगते. "पण पातेलं चांगलं असलं की त्यांना विसर पडतो."

मावशीची नोकरीही तिला साजेशी आहे. एअरपोर्टजवळच्या एका केटरिंग किचनमध्ये ती सील तपासते. विमानात चढणाऱ्या जेवणाच्या ट्रॉल्यांना नंबर घातलेलं प्लास्टिकचं सील असतं. कागदावरचा नंबर आणि सीलवरचा नंबर जुळला नाही तर अख्खी ट्रॉली परत. संशय घ्यायचा पगार मिळणारी माणसं जगात थोडी, आणि मावशी त्यांतली. अडचण एवढीच, की शिफ्ट संपल्यावर ती सवय लॉकरमध्ये ठेवून घरी येत नाही.

घरी कास्मिर अंकल असतात, तिचा नवरा. वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कोथिंबीर आणायला पंधरा मिनिटं लागतात. पंचवीस लागली की दारातच उलटतपासणी. कोण भेटलं? काय म्हणाला? मग तू काय म्हणालास? अंकल खरं सांगतानाही असे अडखळतात, की मलासुद्धा ते खोटं वाटायला लागतं.

कॅनडातलं आमचं मिसिसागा हे धड मोठं शहर नाही आणि धड गावही नाही. एका टोकाला मॉल्टन, दुसऱ्या टोकाला लेकजवळचं क्लार्कसन, आणि मी बरोबर मध्ये, स्क्वेअर वन मॉलजवळच्या कॉन्डोत. मी ना इकडची ना तिकडची, म्हणून दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्याच कानात ओतली जातात. मावशी मॉल्टनची. तिच्या अकराव्या मजल्यावरून विमानांची पोटं दिसतात. नोटीस लावलेली असूनही बाल्कन्यांत कपडे वाळत असतात, लिफ्टमध्ये फोडणीचा वास असतो आणि बस स्टॉपवर चुकल्यासारखं उभं राहिलं की कुणीतरी हिंदीत विचारतंच, "आंटी, किधर जाना है?"

क्लार्कसनला कुणी विचारत नाही, कारण रस्त्यावर कुणी नसतंच. मोठी घरं, त्यांहून मोठी झाडं, आणि शांतता. त्या शांततेचाच मावशीला सगळ्यांत जास्त संशय. "एवढी मोठी घरं, आत करतात काय ही माणसं? भांडल्याचासुद्धा आवाज येत नाही." एका हिवाळ्यात मी तिला तिकडे नेत असताना तिने अंगणातली, थंडीपासून जपायला गोणपाटात गुंडाळलेली झुडपं पाहिली. घरी पोचेपर्यंत तिचं एकच चाललं होतं. "झाडांना कपडे घालतात आणि माणसाला घरात बोलवत नाहीत."

खरं तर क्लार्कसनला तिला बोलावणारं एक घर होतं. बियांकाचं.

बियांका आणि मावशी २००२ साली एकाच महिन्यात या देशात आल्या. दोघींच्या संसारांनी मॉल्टनमधल्या एका घराचा बेसमेंट भाड्याने घेतला. दोन जोडपी, एक वॉशरूम, एक शेगडी. बियांका सात वर्षांनी लहान, कडेवर तान्ही मुलगी. ती रात्री अकाउंटिंगचा अभ्यास करायची, आणि दिवसा ती क्लासला गेली की मुलीला मावशी सांभाळायची. मावशीला मूलबाळ नाही. पुढे बियांकाला नोकरी लागली, तिच्या नवऱ्याला, ॲलरॉयला, प्रमोशन मिळालं आणि २०१० साली ती दोघं क्लार्कसनला गेली. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मायेने 'बाय' म्हणतात. या देशात मावशीला 'फ्लोरिनबाय' म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेलं. मावशीने ते कधीच पुरतं माफ केलं नाही. पण दर रविवारी संध्याकाळी बियांकाचा फोन यायची वाटही ती पाहायची.

आता मूर्तीचं सांगते. आमची वसईकडची एकोणीस कुटुंबं आहेत इथे. मरियामातेची एक मूर्ती आमच्यात घरोघर फिरते. प्रत्येक घरी एक आठवडा. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना, शेवटच्या दिवशी सगळे जमतात, उकडलेले चणे आणि खोबरं वाटतात आणि शनिवारी मूर्ती पुढच्या घरी जाते. मूर्ती मावशीची. निघताना आईने दिलेली, विमानात मांडीवर बसवून आणलेली. त्यानंतर वर्षभरात आई गेली. मावशीला जाता आलं नाही. तेव्हा ती मूर्ती म्हणजे मावशीला काय होती, हे मी वेगळं सांगायला नको. आणि हो, बुडाला आईने दिलेला ऑइल पेंटचा लाल ठिपका होताच.

मूर्ती ने-आण करायचं काम माझं, कारण मावशी गाडी चालवत नाही. पण २०१५ च्या फेब्रुवारीत मला फ्लू झाला. त्या आठवड्यात मूर्ती बियांकाकडे होती आणि पुढचं घर मावशीचं. मावशीची शिफ्ट होती. अंकल म्हणाले, मी बसने आणतो. तो फेब्रुवारी आठवतो ना? नाकातलं पाणी गोठायचं. अंकल शालीत गुंडाळलेली मूर्ती घेऊन चारला यायचे होते, ते साडेसातला आले. म्हणाले, बस बंद पडली.

रात्री मावशीचा फोन. "ग्लेन्डा, मूर्ती बदललीय."

मी तापात. म्हटलं, "मावशी, लाइट कमी असेल."

"ठिपका बघ ना. मी उलटी करून बघितली. आईचा ठिपका विटका होता, कडेने तडकलेला. हा चकचकीत आहे. वास घेतला मी. नेलपॉलिश आहे हे. आणि माझं नव्हे. माझं विटकरी. हे चेरीसारखं."

चार दिवसांनी जाऊन मी पाहिलं. मला मूर्ती तीच वाटली. तसाच निळा झगा, तेवढीच उंची. पण ठिपका खरोखर चकाकत होता. शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकली, ती मी दाबून टाकली. मावशीने दाबली नाही. तिने चौकशी सुरू केली. चेरी रंगाचं नेलपॉलिश आमच्यात कोण लावतं? एकोणीस घरांतल्या बायकांची बोटं ती चर्चच्या कॉफीच्या रांगेत तपासत होती. तिसऱ्या रविवारी तिने माझा दंड एवढा घट्ट धरला, की वळ उठला.

"बियांका," ती म्हणाली. "तिची नखं बघ."

बियांकाची नखं चेरी रंगाची होती.

पुढचे काही आठवडे मावशी नुसती धुमसत होती. रविवारचा फोन आला की कामापुरतं बोलायची. तिच्या मनात गोष्ट तयार झाली होती. बियांकाच्या हातून मूर्ती फुटली किंवा तिला ती आवडली म्हणून तिने ठेवून घेतली, आणि गरिबांना काय कळतंय म्हणून मॉल्टनला दुकानातली पाठवून दिली. "चांगलं ते त्या बाजूला राहतं, नक्कल या बाजूला येते. टोमॅटो बघ. तेच दुकान, तेच नाव, तिकडचे टोमॅटो लाल आणि आमच्याकडचे मऊ." खरं सांगते, टोमॅटोंची तुलना मीही केली आहे. काही फरक नाही.

एका सुट्टीच्या दिवशी ती दोन बस बदलून क्लार्कसनला गेली, बियांकाला न सांगता. रस्त्यापलीकडे उभी राहून बियांकाच्या खिडक्यांकडे बघत होती. दहा मिनिटांत एक बाई कुत्रा घेऊन आली. गोड हसून म्हणाली, "हाय, कॅन आय हेल्प यू?" मावशी म्हणाली, नो थँक्स. बाई गेली, ब्लॉकला वळसा घालून परत आली आणि फोन हातात घेऊन उभी राहिली. मावशीने बस स्टॉपवरून मला फोन केला तेव्हा ती रागाने रडत होती.

"मी चोर दिसते का गं? मला म्हणते, मे आय आस्क हूम यू आर व्हिजिटिंग! अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, विमानांची सीलं बघते!"

मला तिची कणव आली आणि थोडं हसूही आलं. संशय घेतलेला कसा लागतो, हे कळायला तिला दोन बस बदलून जावं लागलं. पण त्यावरून तिने काही शिकावं, असं काही झालं नाही. उलट बियांकाच्या खात्यावर आणखी एक गुन्हा चढला.

मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी सगळ्यांची प्रार्थना बियांकाकडे ठरली, कारण हॉल तिचाच मोठा. मी मावशीला आणि अंकलना घेऊन गेले. वाटेत अंकल तीनदा म्हणाले, त्यांना बरं वाटत नाहीये. मावशी म्हणाली, घरी राहायचं होतंस मग.

प्रार्थना संपली, सूप आणि पाव झाला. वरच्या वॉशरूमला रांग होती. बियांकाची मुलगी म्हणाली, "आंटी, यू कॅन यूज द वन डाउनस्टेअर्स." मावशी बेसमेंटमध्ये उतरली. बियांका सूप वाढत होती, तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

मावशी वर आली ती दोन्ही हातांत मूर्ती धरून. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर होती ती, समोर बॅटरीची मेणबत्ती लावलेली. मावशीने हॉलच्या मधोमध ती उलटी केली.

"बघा. हा माझ्या आईचा ठिपका."

ठिपका विटका होता, कडेने तडकलेला. पण आम्हा बाकीच्यांना आणखी काही दिसत होतं. मूर्तीच्या मानेभोवती, खांद्यावर आणि झग्यावर गोंदाच्या पिवळट रेघा होत्या. मावशीने फक्त बूड पाहिलं होतं.

ॲलरॉय काही बोलणार, तेवढ्यात बियांकाने त्याच्या हातावर हात ठेवला. तिने एकदा दाराकडे बघितलं. दाराशी बुटांच्या ढिगाजवळ अंकल उभे होते.

"माझ्या हातून पडली, फ्लोरिनबाय," बियांका म्हणाली. "सॉरी."

"सॉरी? माझ्या आईची मूर्ती फोडलीस आणि दुकानातली माझ्या घरी पाठवलीस! मी आठवडाभर त्या दुकानातल्या मूर्तीपुढे बसून रडले, आणि तू इथे हसत होतीस! या बाजूला राहायला आलं की माणूस असाच होतो. नाही, तू आधीपासूनच अशी. बेसमेंटमध्ये माझी साखर कमी व्हायची. मी डब्याला आतून रेघ मारून ठेवायचे. रोज रेघेखाली जायची. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी तुला!"

एकोणीस घरांची माणसं हातात सूपचे बाऊल घेऊन उभी. मॉल्टन असतं तर एखादं विमान डोक्यावरून गेलं असतं आणि सगळ्यांना गप्प राहायला कारण मिळालं असतं. क्लार्कसनला तेवढीही सोय नाही.

"फ्लोरिन," अंकल म्हणाले, "मी पाडली."

मग त्यांनी सांगितलं. आपल्याच बिल्डिंगच्या गेटाशी बर्फावर पाय घसरला. मूर्तीचे सात तुकडे झाले. वर घरी जायची हिंमत होईना, म्हणून बस स्टॉपच्या काचेआड बसून त्यांनी बियांकाला फोन केला. ती शहराच्या त्या टोकावरून बर्फातून गाडी घेऊन आली. दोघांनी तीन दुकानं पालथी घालून तशीच मूर्ती शोधली. ठिपका हवाच, हे अंकलनाच सुचलं. बियांकाच्या पर्समध्ये नेलपॉलिश होतं. आशीर्वादित मूर्ती कचऱ्यात टाकायची नसते, जमिनीत पुरायची असते, पण जमीन दगडासारखी गोठलेली. तेव्हा बियांका म्हणाली, बर्फ वितळेपर्यंत माझ्याकडे राहू दे. आणि मरियामातेने तोवर तुकड्यांत पडून राहू नये म्हणून तिने रात्री बसून ती चिकटवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. एकोणीस घरांची बोटं तपासणाऱ्या मावशीने साडेतीन तास उशिरा आलेल्या नवऱ्याला त्या दिवशी विचारलंच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मावशीने अंकलना विचारलं.

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशी पडली. मग विचारलं असतंस, दुसऱ्या हाताने का नाही धरली. मग, फोनवर होतास का. मग, कुणाचा फोन. मला मरेपर्यंत रोज त्या बर्फावरून घसरावं लागलं असतं, फ्लोरिन."

अंकलना एका दमात एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मावशी बियांकाकडे वळली. काही म्हणणार होती. पण बियांका रडत होती, आणि ती मूर्तीबद्दल बोललीच नाही.

"साखर मी घ्यायचे," ती म्हणाली. "रात्री अभ्यासाला बसले की चहात. आमच्याकडे महिनाअखेरीला नसायची. डबा कमी होतोय हे तुला दिसत असणार, हे मला माहीत होतं. तू कधी बोलली नाहीस. फ्लोरिनबाय, तेरा वर्षं मला वाटत होतं, की ती तू मला दिली होतीस."

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. ईस्टरला मावशीने पाच वेळा नंबर लावून कट केला, असं अंकलनी मला सांगितलं. एकदा ते कोथिंबीर घेऊन चाळीस मिनिटांनी आले. मावशीने दार उघडलं, पिशवी घेतली आणि काही न विचारता आत गेली. अंकल एवढे घाबरले, की मागोमाग जाऊन त्यांनी आपणहून सगळं सांगितलं, अगदी रांगेत पुढे कोण होतं ते धरून.

मावशी वाळत चालली होती. कामावर तिने एक चुकीचं सील पास केलं, सुपरवायझरने ते वेळेत पकडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. "मला नंबर दिसतच नव्हते," ती मला म्हणाली. "सगळीकडे तो साखरेचा डबा दिसतो. मी नसती मारली रेघ, तर काय बिघडलं असतं गं?" मी तिला बरं वाटेल असं काहीतरी म्हणाले, आणि ते तिला पटलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बियांकाचा मला मेसेज आला. 'ग्राउंड सॉफ्ट झालंय. आईच्या मूर्तीला कुठे ठेवायचं ते फ्लोरिनबायने ठरवावं. मॉल्टनला जागा नाही, इथे बॅकयार्ड आहे. विचार, येणार का.' मॉल्टनचा उल्लेख मी गाळला. बाकीचं मावशीला वाचून दाखवलं.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. गोणपाट काढलेली झुडपं हिरवी झाली होती. तीच कुत्रावाली बाई समोरून गेली, तिने हात केला. मावशीनेही केला. मावशीच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता, तो तिने वाटभर सोडला नाही. माझी विचारायची छाती झाली नाही.

अंकलनी मेपलच्या झाडाखाली खड्डा खणला. वसईच्या वाडीत वाढलेला माणूस, फावडं हातात आलं की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी होतं. मावशीने मूर्ती शालीत गुंडाळून आत ठेवली, स्वतःच माती लोटली. आम्ही दहा वेळा 'नमो मारिया' म्हटलं. बियांका मावशीच्या शेजारी उभी होती, पण हातभर अंतर ठेवून. मला वाटलं, आता हात धुऊन गाडीत बसायचं आणि संपलं.

"चहा टाकते," बियांका म्हणाली, कुणाकडेच न बघता.

किचनमध्ये मावशीने तो डबा ओट्यावर ठेवला. "साखर आहे," ती म्हणाली. "तेव्हा मी दिली नव्हती. आता देते. मी चुकले, बियांका."

बियांकाने डबा उचलला आणि उलटा करून बूड पाहिलं. मीही पाहिलं. तिथे ठिपका नव्हता. रिमूव्हरने घासून काढल्याचा फिकट गुलाबी डाग होता, नव्या पैशाएवढा. बियांकाने त्यावरून अंगठा फिरवला. मग तिने झाकण उघडलं, चमचा घेतला आणि उकळत्या चहात साखर घातली. एक. दोन.

मावशीची नजर चमच्यावर होती. जित्याची खोड ती, मोजत होती बाई. बियांकालाही ते दिसलं आणि तिचा हात थांबला.

"थांबलीस का?" मावशी म्हणाली. "अजून घाल."